कृतज्ञतेचें ओझें

कांहीं वर्षांपूर्वीं ३ जानेवारीस, म्हणजे सावित्रीबाई फुले यांच्या जन्मदिनीं, बुलढाणा जिल्ह्यांत घाटावरील एका खेड्यांत वह्यावाटपाचा एक लहानसा समारंभ झाला. गांवाच्या कडेला असलेल्या दलित वस्तीच्या समाजमंदिरांत सतरंज्या अंथरल्या होत्या. भिंतीवर बाबासाहेब आंबेडकरांची व फुले दांपत्याची तसबीर होती. आणि समोर दोन वेण्या घातलेल्या वीस-पंचवीस मुली ओळीनें बसल्या होत्या. पाहुण्यांसाठीं मांडलेल्या चार खुर्च्यांपैकीं एकीवर मी होतों. भाषणें झालीं, वह्या वांटून झाल्या, आणि आभार मानण्यासाठीं आठव्या इयत्तेंतील एका मुलीस उभें करण्यांत आलें. तिला चार वाक्यें पाठ करून दिलेलीं होतीं, हें तिच्या पहिल्या दोन वाक्यांवरून स्पष्टच दिसलें. परंतु तिसऱ्या वाक्यापाशीं ती अडखळली, आणि पाठ केलेलें सोडून आपल्या बोलींत म्हणाली, “साहेब, वह्या आमाले मागच्या साली बी भेटल्या. पण मोठ्या शाळेची वाट सांजच्याला अंधाराची हाये. म्हून आमच्यातल्या दोघींचं नाव घरच्यांनी काढून घेतलं. तुमी एक डाव आमच्यासंगं त्या वाटेनं चालून पाहता का?”

सभेंत क्षणभर शांतता पसरली. मग संयोजकांपैकीं एक गृहस्थ हंसले, त्यांनीं मुलीच्या पाठीवर हात ठेवून तिला खालीं बसविलें, आणि राहिलेले आभार स्वतःच मानून टाकले. पुढें चहा घेतांना ते आम्हांस म्हणाले, “पोरगी हुशार आहे, पण उद्धट आहे. घेतल्याची जाणीव नाहीं.” मीं त्या वेळीं मान हलविली. ती होकारार्थीं हलविली कीं नकारार्थीं, हें आज माझें मलाच सांगतां येत नाहीं. आणि हा लेख त्या संदिग्ध मानेचा खुलासा करण्यासाठीं लिहिला आहे, असें म्हटलें तरी चालेल.

प्रश्न असा आहे. ज्या मुलींना जातीमुळें एकदां आणि स्त्रीजन्मामुळें दुसऱ्यांदां विद्येपासून दूर ठेविलें गेलें, त्यांना आज कोणीं विद्या दिली, तर देणाऱ्याविषयीं कृतज्ञ असणें हें त्यांचें कर्तव्य आहे काय? आणि असल्यास त्या कर्तव्यापुढें त्यांच्या प्रश्न विचारण्याच्या हक्काचें काय होतें?

त्या गृहस्थांची बाजू प्रथम नीट मांडली पाहिजे; कारण ते दुष्ट नव्हते, आणि त्यांचें म्हणणेंहि टाकाऊ नव्हे. कृतज्ञता हा सद्गुणांतील एक प्रमुख सद्गुण होय. केलेलें विसरणारा माणूस आपल्याकडे फार हीन समजला जातो, आणि तें योग्यच आहे. शाळेबाहेर अभ्यासवर्ग चालविणारा शिक्षक आपली संध्याकाळ देतो, दाता आपला पैसा देतो, कार्यकर्ता आपल्या संसाराची वेळ देतो. कायद्यानें त्यांच्यावर कोणी सक्ती केलेली नसते. सगळेंच हक्क म्हणून मागितलें, तर माणसामाणसांतील स्नेहाला जागा कोठें उरली? शिवाय, देणाऱ्याचा असा जाहीर हिरमोड झाला, तर पुढल्या वर्षीं तो येणार नाहीं, आणि नुकसान होईल तें त्या मुलींचेंच. हा पूर्वपक्ष व्यवहाराला धरून आहे, आणि खेड्यापाड्यांतून काम करणाऱ्या कोणाहि माणसास तो ओळखीचा वाटेल.

परंतु आपल्या भाषेंत ‘उपकार’ आणि ‘ऋण’ असे दोन निराळे शब्द आहेत, आणि या ठिकाणीं त्यांची गल्लत होते. शेजाऱ्याची विहीर बळकावून बसलेल्या माणसानें दहा वर्षांनीं त्याच्याच दारीं पाण्याची एक घागर नेऊन ठेविली, तर त्या घागरीस कोणी दान म्हणणार नाहीं. यावर उत्तर येईल कीं, विहीर बळकावणारा आजा होता. घागर आणणारा नातू निरपराध आहे. तें खरें आहे. परंतु नातू त्या विहिरीचें पाणी आजहि पितो. त्याच्या हातून अपराध घडलेला नसेल, तरी त्याच्याकडे लाभ आलेला आहे; आणि लाभाबरोबर देणें येतें, हें वारशाचे व्यवहार करणाऱ्या आपल्या समाजास कोणीं शिकवावयास नको. तेव्हां नातवाची घागर ही ऋणफेडीचा एक हप्ता आहे. ती त्यानें प्रेमानें आणली असेल तर त्याचें मन कौतुकास पात्र आहे. परंतु हप्ता फेडणारा पावतीऐवजीं स्तुति मागूं लागला, तर त्यानें आपल्या व्यवहाराचें स्वरूपच ओळखलेलें नाहीं.

शिवाय कृतज्ञतेचाहि एक स्वभाव आहे. ती आपोआप उगवते तोंवर सद्गुण असते. वसूल करूं लागलें कीं तिचा कर होतो. आणि या कराचें चलन एकच असतें: मौन. पैशाच्या सावकाराला पैसा परत देतां येतो. उपकाराच्या सावकाराला ‘मी तुमच्याविरुद्ध कांहीं बोलणार नाहीं’ एवढेंच देतां येतें. ज्या मुलीला आपण वाचावयास, लिहावयास व विचार करावयास शिकवितों, तिच्याकडूनच जर आपण तिच्या विचाराचें फळ न बोलण्याच्या रूपानें परत घेतलें, तर एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें काढून घेतल्यासारखेंच झालें.

या बाबतींत आपला आरंभ मात्र फार चांगला झाला होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली, आणि पुढें महार-मांग मुलांमुलींसाठींहि शाळा उघडल्या. त्या शाळांतून शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग जातीच्या मुलीनें सुमारें चौदाव्या वर्षीं मांग-महारांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला, आणि तो १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापला गेला. उघड्यावर, डोक्यावर छप्पर नसतां बाळंत होणाऱ्या आपल्या जातींतील बायांच्या यातना तिनें त्यांत सांगितल्या. आणि ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचाच अधिकार नाहीं त्यांचा धर्म तरी कोणता समजावयाचा, असा प्रश्न थेट ईश्वरास विचारला. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं सुमारें तीन वर्षांच्या शिक्षणाचें फळ म्हणून या मुलीनें जें दिलें तें आभारपत्र नव्हे, तर फिर्याद होती. शिकविणाऱ्यांस तींत उद्धटपणा दिसला नाहीं. जोतीरावांच्या शाळेची थोरवी ती उघडली यांत आहेच. परंतु तिच्यांतून असा प्रश्न बाहेर येऊं दिला गेला, यांत ती अधिक आहे, असें मला वाटतें.

याच्या उलट उदाहरणासाठीं बुलढाण्याबाहेर जाण्याचें कारण नाहीं. ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरींत हेडक्लार्क होते. ताराबाई दलित नव्हत्या; त्या मराठा कुळांतील होत्या, आणि घरीं शिक्षण मिळण्याचें भाग्य त्यांस लाभलें होतें. १८८१ सालीं सुरतेच्या एका तरुण विधवेस, विजयालक्ष्मीस, आपलें मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली; पुढें ती कमी करण्यांत आली. त्या निमित्तानें वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या नीतीवर जे ताशेरे झडूं लागले, त्यांस उत्तर म्हणून ताराबाईंनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें पुस्तक लिहिलें. तें १८८२ सालीं पुण्यास छापलें गेलें. स्त्रियांच्या माथीं जे दुर्गुण मारले जातात ते पुरुषांत अधिक आहेत कीं नाहींत, असा रोखठोक सवाल त्यांत होता. या पुस्तकावर टीकेची झोड उठली. जोतीरावांनीं १८८५ सालीं आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेंत ताराबाईंची बाजू घेतली. परंतु पाठीशीं उभे राहणारे असे फार थोडे निघाले. त्यानंतर ताराबाईंचें दुसरें पुस्तक आपल्या हातीं आलेलें नाहीं. पहिलेंहि लोक विसरून गेले, तें डॉ. स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं पुन्हां प्रसिद्ध केलें, तेव्हां मधें ९३ वर्षें लोटलीं होतीं.

मुक्ता साळवे आणि ताराबाई शिंदे यांच्या जाती निराळ्या, परिस्थिति निराळी, शिक्षणाचे मार्ग निराळे. परंतु दोघींनींहि शिक्षणाचा उपयोग एकाच कामीं केला: ज्या समाजांत त्या जन्मल्या त्याला त्यांनीं जाब विचारला. ताराबाईंसारख्या सुस्थितींतील बाईला जर त्याबद्दल एवढें सोसावें लागलें, तर गांवाच्या कडेच्या वस्तींतील तेरा वर्षांच्या मुलीला ‘उद्धट’ या एका शब्दानें कायमचें गप्प बसवितां येईल, यांत नवल तें काय? आणि त्या मौनानें मुलीचें जें नुकसान होतें त्याहून समाजाचें अधिक होतें. कारण अंधाऱ्या वाटेची बातमी जिच्याकडून मिळावयाची तिचेंच तोंड बंद झालेलें असतें.

हा दोष आपल्याच मातींतील आहे असेंहि नव्हे. अमेरिकेंतील काळ्या लोकांच्या दास्याशीं आपल्याकडील शूद्रातिशूद्रांच्या स्थितीची तुलना जोतीरावांनीं मराठी वाचकांपुढें ठेविली. १८७३ सालचें आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक त्यांनीं गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें होतें. त्या देशांतील काळ्या मुलींची आजची शाळा पाहिली, तर आमच्या समाजमंदिरांतला तो एक शब्द तेथेंहि ऐकूं येतो. किंबर्ले क्रेनशॉ या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत दाखविलें, कीं शाळेंतून तात्पुरतें काढून टाकण्याची शिक्षा काळ्या मुलींना गोऱ्या मुलींच्या सहापट प्रमाणांत होते. या शिक्षांमागें पुष्कळदां चोरी किंवा मारामारी नसून उलट बोलणें, आवाज चढविणें, ‘वागणूक’ बरी नसणें असलीं कारणें असतात. गोऱ्या मुलीचा जो प्रश्न चौकसपणा ठरतो, तोच काळ्या मुलीच्या तोंडीं उर्मटपणा ठरतो. म्हणजे शाळेचें दार उघडणें हें अर्धेंच काम. आंत आलेल्या मुलीच्या आवाजाचें काय करावयाचें, हें दुसरें अर्धें राहतेंच.

हें दुसरें अर्धें ज्यांनीं केलें, ते बहुधा त्याच समाजांतले होते. मेरी मॅक्लाऊड बेथ्यून या पूर्वीं गुलाम असलेल्या आईबापांच्या मुलीनें १९०४ सालीं फ्लोरिडा राज्यांतील डेटोना येथें पांच काळ्या मुलींना घेऊन शाळा काढली. जवळ भांडवल दीड डॉलर. बाकें म्हणून लांकडी खोकीं. आणि खर्चासाठीं ती स्वतः रताळ्याचे गोड पदार्थ करून विकी. पुढें त्या शाळेचें विद्यापीठ झालें. सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेनें काळ्या लोकांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या संस्थेचें सभासदत्व सोडण्यास नकार दिला, म्हणून साउथ कॅरोलिनांत १९५६ सालीं तिची नोकरी गेली. दुसऱ्याच वर्षीं जॉन्स आयलंड या बेटावर, एका सहकारी दुकानाच्या मागील खोलींत, प्रौढांसाठीं ‘नागरिकत्वाची शाळा’ सुरू झाली. तिची पहिली शिक्षिका बर्निस रॉबिन्सन ही धंद्यानें केशभूषा करणारी बाई होती. वर्गांत तिनें आलेल्यांना आधीं विचारलें, कीं तुम्हांला काय शिकावयाचें आहे? कोणाला सही करावयाची होती, कोणाला वाचावयाचें होतें, आणि सर्वांनाच मतदार म्हणून नांव नोंदवितां यावें अशी इच्छा होती. त्या उत्तरांतून अभ्यासक्रम तयार झाला. ‘आम्ही तुम्हांला काय देणार आहों’ असें सांगणारी शाळा आणि ‘तुम्हांला काय हवें आहे’ असें विचारणारी शाळा, यांतील अंतर या एका प्रसंगांत मावतें.

आपल्या विदर्भांत असें उदाहरण जाईबाई चौधरी यांचें आहे. नागपूरकडील या महार स्त्रीनें तरुणपणीं डोक्यावर ओझीं वाहून पोट भरलें. एका मिशनरी बाईच्या साहाय्यानें तिला शिक्षिकेची नोकरी मिळाली. परंतु ती अस्पृश्य आहे हें कळतांच पालकांनीं मुलें काढून घेतलीं, आणि ती नोकरी सुटली. तेव्हां तिनें १९२२ सालीं नागपुरांत संत चोखामेळा यांच्या नांवानें मुलींची स्वतःची शाळा काढली. पुढें १९३७ सालीं नागपुरांत अखिल भारतीय महिला परिषद भरली असतां तिला निमंत्रण तर मिळालें, पण जेवणाच्या वेळीं निराळें बसविण्यांत आलें. आमंत्रणाबद्दल कृतज्ञ राहून ती बाब गिळून टाकतां आली असती. जाईबाईंनीं व त्यांच्या भगिनींनीं ती गिळली नाहीं. निषेधाची सभा घेतली. मिशनरी बाईनें केलेलें जाईबाई विसरल्या होत्या, असें म्हणण्यास आधार नाहीं. त्यांनीं तें ज्या तऱ्हेनें फेडलें तीच खरी तऱ्हा: ज्या हातानें घेतलें त्या हातानें परत न देतां, पुढच्या मुलींस दिलें. नदीचें पाणी उगमाकडे परत जात नाहीं, म्हणून नदीला कोणी कृतघ्न म्हणत नाहीं.

तथापि, या ठिकाणीं आपल्याच बाजूच्या मंडळींसहि एक अप्रिय गोष्ट सांगणें भाग आहे. कृतज्ञतेचा कर वसूल करणारा नेहमीं बाहेरचा दाताच असतो असें नाहीं. समाजाच्या स्वतःच्या संस्थांतून, विहारांतून, घरांतूनहि तो वसूल होतो. ‘बाबासाहेबांमुळें तूं शाळा पाहिलीस, समाजाचें नांव राख’ असें मुलीला सांगितलें जातें. वाक्य खरें आहे. परंतु भाऊ उशिरां आला तर चालतें आणि ती आली तर कां चालत नाहीं, बारावीनंतर तिचेंच शिक्षण कां थांबवावयाचें, असें विचारूं लागली कीं तेंच वाक्य तिच्या तोंडावर हात ठेवण्यासाठीं पुढें येतें. ज्यांच्या नांवानें हें होतें, त्यांच्या डोळ्यांदेखत घडलेली एक गोष्ट आठवावी. जुलै १९४२ मध्यें नागपुरांत अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानीं सुलोचनाबाई डोंगरे होत्या; हजारों स्त्रिया जमल्या होत्या; आणि स्वतः डॉ. आंबेडकर उपस्थित होते. त्या स्त्रियांनीं सरकारकडे मुलींच्या वसतिगृहांची मागणी केली. परंतु त्याच परिषदेंत त्यांनीं घटस्फोटाचा हक्क मागितला, आणि एकाहून अधिक बायका करण्याच्या चालीस कायद्यानें बंदी घाला असाहि ठराव केला. हे ठराव सरकारपुढें मांडलेले असले, तरी त्यांचा रोंख घरच्या पुरुषांवरहि होता. त्या सभेंत कोणीं ‘आधीं समाजाचे उपकार आठवा’ असें म्हणून त्यांना खालीं बसविलें नाहीं.

आतां आजच्या बुलढाणा जिल्ह्याकडे पाहूं. २०११ च्या जनगणनेप्रमाणें येथें पुरुषांची साक्षरता शेकडा सुमारें ९० आणि स्त्रियांची सुमारें ७६ होती. त्याच जनगणनेंत सहा वर्षांखालील दर १००० मुलांमागें मुली अवघ्या ८५५ होत्या. आणि हा जिजाबाईंचा जिल्हा आहे. दरवर्षीं १२ जानेवारीस सिंदखेडराजा येथें लक्षावधि लोक त्या मातेस वंदन करावयास जमतात. वंदन आणि आंकडा यांचा मेळ कसा घालावयाचा, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं ठरवावें.

मुलींसाठीं कांहीं झालेंच नाहीं, असें मात्र कोणी म्हणूं नये. वह्या वांटल्या जातात. दारिद्र्यरेषेखालील दलित, आदिवासी व भटक्या-विमुक्त घरांतील लहान मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसास १ रुपया देण्याची योजना राज्यानें १९९२ सालीं सुरू केली. मानव विकास कार्यक्रमांतून या जिल्ह्याच्या कांहीं तालुक्यांतील मुलींस सायकली मिळाल्या, त्यांचा उपयोगहि झाला. २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क दिला. परंतु हक्क चौदाव्या वर्षीं संपतो, आणि मुलीची खरी अडचण बहुधा त्याच सुमारास सुरू होते. गांवची शाळा सातवी-आठवीपर्यंत. पुढची दुसऱ्या गांवीं. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आले, किंवा दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली, कीं आई रानांत जाते आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठीं मुलगी घरीं राहते. नाहींतर तीहि वेचणीस जाते. पटावर तिचें नांव असतें; वर्गांत तिची जागा रिकामी असते. ती अशी कां रिकामी आहे, हें जिल्ह्याच्या कचेरींतून दिसत नाहीं. तें तिला माहीत असतें. आणि तिला विचारावें हें मात्र समारंभाच्या कार्यक्रमपत्रिकेंत नसतें.

म्हणून मला एक साधी सूचना करावीशी वाटते. ‘सबलीकरण’ हा शब्द अलीकडे फार चालतो. त्यांत बल हें बाहेरून भरावयाचें असतें असा एक भास आहे. बुलढाण्याच्या खेड्यांतील मुलीच्या अंगीं बल कमी नाहीं. त्या बलाला प्रश्नाचें रूप येण्यास जागा कमी आहे. ज्या कार्यक्रमाच्या शेवटीं मुली आभार मानतात, त्या कार्यक्रमाच्या शेवटीं मागील वर्षीं मुलींनीं काय काय विचारलें होतें, त्यांपैकीं कशाचें काय झालें, आणि कशाचें कांहींच झालें नाहीं, याचा जमाखर्च पाहुण्यांपैकीं कोणीं तरी उभें राहून वाचावा. आभार मानावेसे वाटले तर मुली मानतीलच; पाठ करून देण्याची गरज पडणार नाहीं.

त्या समारंभानंतर दीड महिन्यानें मी त्या गांवीं पुन्हां गेलों, आणि संध्याकाळीं शाळा सुटल्यावर पांच मुलींबरोबर त्या वाटेनें चाललों. अंतर तीन किलोमीटरांहून थोडें अधिक. शेवटची एस. टी. शाळा सुटण्यापूर्वींच निघून गेलेली असते. मोठी मुलगी पुढें, लहान्या मधें, आणि दुसरी मोठी मागें, असा त्यांचा क्रम ठरलेला होता. वाटेंत त्या सारख्या बोलत होत्या. मात्र नाल्याअलीकडे दारूच्या दुकानापाशीं आल्यावर सगळ्या एकदम गप्प झाल्या. मीं कांहीं विचारणार, तोंच तीच मुलगी हळूच म्हणाली, “इथं बोलाचं नसते.” पुढें दोनशे पावलें आम्हीं कोणीच बोललों नाहीं. समाजमंदिरांत आम्हीं तिच्याकडून जें मौन मागत होतों, त्याच जातीचें हें मौन होतें, हें मला तेथें उमगलें.

आम्हीं मिळून ग्रामपंचायतीस अर्ज लिहिला. पहिली सही तिची होती. आठ महिन्यांनीं नाल्यापाशीं दोन दिवे लागले. ज्या दोन मुलींचीं नांवें काढलीं होतीं, त्यांपैकीं एक परत शाळेंत आली. दुसरीचें तोंवर लग्न झालें होतें. त्या मुलीनें माझे आभार मानले नाहींत. मलाहि तशी अपेक्षा नव्हती, असें लिहिण्याचा मोह होतो. परंतु तें खरें नाहीं. अपेक्षा होती. ती मनांतून जाईपर्यंत आपण देतों तें पुरतें दिलेलें नसतें, एवढें मात्र त्या वाटेवर मी शिकलों.